मुका मार, ओढलेला स्नायू आणि सूज: काय लावायचं, काय घ्यायचं आणि कधी

माझ्या उजव्या मांडीत, गुडघ्याच्या वीतभर वर, सुपारीएवढी टणक गाठ आहे. १९९८च्या हिवाळ्यात कबड्डीत चढाईला गेले असताना समोरच्या कव्हरचा, म्हणजे बचाव करणाऱ्या खेळाडूचा, गुडघा तिथे बसला. नुसता मुका मार. कातडी शाबूत, हाड शाबूत. घरी आल्या आल्या आजीनं तापलेल्या विटेचा शेक दिला. दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या एका पहिलवान काकांनी मोहरीचं तेल लावून मांडी अशी रगडली, की मी उशी चावली. वरून दुखण्याच्या गोळ्या सुरूच होत्या, म्हणून चौथ्या दिवशी पट्टा गुंडाळून मी पुन्हा मैदानात. सव्वा महिन्यानं मांडी दुमडेना तेव्हा एक्स-रे काढला, तर स्नायूच्या आत चक्क हाड धरलेलं. साचलेल्या रक्तावर शेक, मालिश आणि खेळ असं सगळं एकदम झालं की असं होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

आता मी शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. संध्याकाळी मैदानाच्या एका टोकाला माझ्या कबड्डीच्या पोरी असतात आणि दुसऱ्या टोकाला पोलीस भरतीचे पोट्टे. पोरांना १६०० मीटर काढायचे असतात, पोरींना ८००, आणि १०० मीटर दोघांनाही. दर आठवड्याला कोणीतरी मांडीच्या मागे हात लावून लंगडत येतं आणि विचारतं, "मॅडम, सूज उतरवाची गोळी सांगा नं." हे लिहून ठेवलं ते त्यांच्यासाठी. मी डॉक्टर नाही. जे वाचलं, डॉक्टर-फिजिओंना विचारून घेतलं आणि मैदानावर पाहिलं तेवढंच सांगते.

आधी हे तपासा

काही गोष्टी दिसल्या तर पुढचं वाचत बसू नका, मेडिकल किंवा मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं) गाठा. फटकन आवाज आला आणि स्नायूत बोट जाईल असा खड्डा लागतोय. चार पावलंही टाकवत नाहीत. मांडी किंवा पोटरी दगडासारखी घट्ट झाली आहे, दुखणं तासागणिक वाढतंय, पायाचं बोट कोणी वर ओढलं तरी किंकाळी निघते, मुंग्या येताहेत: यात स्नायूच्या कप्प्यात दाब वाढून रक्तच पोचत नसतं आणि मग तासांचा हिशेब असतो, सकाळपर्यंत थांबायचं नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली तरी तेच. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी आठलाच चटका बसत असताना जोर-बैठका मारणाऱ्या पोरांना हे मी मुद्दाम सांगते, कारण फुटलेल्या स्नायूतला रंग मूत्रपिंडात अडकतो. आणि मार लागल्याचं काही आठवत नाही पण एकच पोटरी सुजून दुखते आहे, त्यातून नुकताच लांबचा प्रवास झालाय किंवा बरेच दिवस खाटेवर होतात, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तिला चोळायचं नाही, पट्टा नाही, काहीच नाही. डॉक्टर.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांनीही घरी प्रयोग करू नयेत.

सूज काय करून राहिली असते

स्नायूचे तंतू तुटतात, सोबत बारीक रक्तवाहिन्या फुटतात. पहिल्या काही तासांतच पांढऱ्या पेशींची एक फळी येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुसरी, मोठ्या भक्षक पेशींची. जुनं घर पाडलं की आधी मलबा उचलावा लागतो, तेव्हा कुठे विटांचा ट्रक येतो. या पेशी मलबा उचलणाऱ्या. गंमत अशी, की मलबा संपत आला की याच भक्षक पेशी स्वभाव बदलतात आणि गवंड्याला हाक मारतात. गवंडी म्हणजे स्नायूच्या तंतूला चिकटून झोपलेल्या राखीव पेशी. त्या जाग्या होऊन नवे तंतू बांधायला घेतात. मलबा उचलणाऱ्यांनाच पहिल्या दिवशी हाकलून दिलं, तर गवंड्याला निरोप कोण देणार?

पण सूज जास्त झाली तर दाब वाढतो, दुखतं, आणि दुखणाऱ्या स्नायूला मेंदू बंद करून टाकतो, वापरूच देत नाही. म्हणून तिला आवरायचं, विझवायचं नाही. कोणताही उपाय समोर आला की मी दोन प्रश्न विचारते. याने आज दुखणं कमी होतं का? आणि याने मैदानावर परतायचा दिवस अलीकडे येतो का? पहिल्यात बरेच उपाय पास होतात. दुसऱ्यात बहुतेक सगळे नापास.

बर्फ, पट्टा आणि पाय वर

आराम, बर्फ, पट्टा आणि पाय उंच, हे चौघांचं सूत्र अमेरिकेतले डॉक्टर गेब मिरकिन यांनी १९७८ साली मांडलं, आणि ते आमच्या शाळेच्या प्रथमोपचार पेटीच्या झाकणापर्यंत पोचलं. त्याच मिरकिन यांनी २०१४ साली जाहीरपणे सांगितलं की बर्फ आणि पूर्ण आराम या दोन्हींनी भरून येणं लांबू शकतं. उंदरांवरच्या प्रयोगांतही चिरडलेल्या स्नायूवर बर्फ लावला तेव्हा भक्षक पेशी उशिरा पोचल्या आणि नवे तंतू उशिरा तयार झाले. उंदराची मांडी ती केवढी, बर्फ आरपार गार करतो. माणसाच्या मांडीत तो इतका खोल जात नाही. त्यामुळे मी बर्फ फेकून दिलेला नाही, फक्त त्याला दुखण्याचं औषध समजते, सुजेचं नाही.

लावायचाच तर पहिल्या दिवशी, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून, दहा मिनिटं. काढायचा, दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा दहा. असं दर दोन-तीन तासांनी. रसवंतीवाल्याकडचा बर्फ चालतो, मटाराचं गोठवलेलं पाकीट तर उत्तम, मांडीला बरोबर बसतं. उघड्या कातडीवर बर्फ ठेवून झोपू नका. एका पोरीच्या पोटरीवर त्याचा भाजल्यासारखा डाग अजून आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गुंडीखाली, नस अगदी वर असते, तिथे तर नकोच. बर्फ लावून, बधिर करून पुन्हा धावायला जाणं म्हणजे सगळ्यात मोठा वेडेपणा.

माझा भरवसा पट्ट्यावर जास्त आहे. मांडीला १५ सेंटिमीटर रुंदीचा क्रेप बँडेज, पोटरीला १०. गुंडाळायला दुखऱ्या जागेच्या खालून सुरुवात करायची, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा अर्धा भाग झाकेल असा वर न्यायचा, खाली थोडा घट्ट आणि वर सैल. बांधून झाल्यावर पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही किंवा बोटं गार पडली तर सोडून पुन्हा बांधा. झोपताना काढून ठेवा. पाय उशांवर, काळजाच्या पातळीपेक्षा वर. खुर्चीवर बसून समोरच्या मोढ्यावर पाय ठेवला, तर तो वर झाला असं होत नाही.

मांडीच्या पुढच्या बाजूला मुका मार बसला असेल, म्हणजे माझ्यासारखं, तर एक युक्ती आहे जी १९९८ला कोणी मला सांगितली असती तर बरं झालं असतं. लगेच, शक्यतो दहा मिनिटांच्या आत, गुडघा सोसवेल तितका दुमडायचा (साधारण १२० अंश, म्हणजे टाच कुल्ल्याच्या बरीच जवळ येते) आणि पट्ट्यानं तसाच बांधून एक दिवस ठेवायचा. ताणलेल्या स्नायूत रक्त साचायला जागा कमी मिळते आणि पुढे गुडघा दुमडण्याची कटकट होत नाही. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं आहे. चोवीस तास कुबड्या लागतात, हाच काय तो त्रास. ओढलेल्या किंवा फाटलेल्या स्नायूला मात्र हे करायचं नाही.

पहिले तीन दिवस शेक नाही, मालिश नाही, दारू नाही, धावणं नाही. पहिलवान काकांना पाया पडून परत पाठवा.

गोळ्यांचं गणित

दुकानात "सूज उतरायची द्या" म्हटलं की बहुतेक वेळा एकाच गोळीत तीन औषधं येतात: असेक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि सेराशिओपेप्टिडेज. पहिलं सूज आणि दुखणं दोन्ही दाबतं. दुसरं फक्त दुखणं. तिसरं रेशीम किड्याच्या पोटात सापडलेल्या जंतूपासून मिळवलेलं प्रथिन पचवणारं द्रव्य, आणि तेच म्हणे सूज विरघळवतं. जपानमध्ये हे औषध विकणाऱ्या ताकेदा कंपनीनं पुन्हा चाचण्या घेतल्या, फायदा दिसला नाही, तेव्हा २०११ साली तिनं आपलं औषध बाजारातून काढून घेतलं. आपल्याकडे ते अजून जोरात खपतं. त्याचे पैसे वाचवा.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक ही एकाच घराण्यातली भावंडं. मचकलेल्या-मुरगळलेल्या जागांसाठी यांची आणि साध्या पॅरासिटामॉलची तुलना बरेचदा झाली आहे. दुखणं कमी करण्यात दोघांत म्हणण्यासारखा फरक निघत नाही, पोटाचा त्रास मात्र या भावंडांचा जास्त. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी तर १९९५ साली दक्षिण आफ्रिकेत एक अभ्यास झाला: सगळ्यांना फिजिओथेरपी, काहींना डायक्लोफेनॅक, काहींना तसलंच दुसरं औषध, काहींना नुसतीच बनावट गोळी. औषधवाले लवकर बरे झाले नाहीत.

म्हणून माझा क्रम असा. मोठ्या माणसाला दुखत असेल तर आधी पॅरासिटामॉल, ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास, आणि चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, ते मोजायला विसरू नका. तेवढ्यानं भागलं नाही तर डायक्लोफेनॅकचं मलम, दिवसातून तीन-चार वेळा, हलक्या हातानं पसरून. चोळायचं नाही, फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही. मलमावर मी आधी हसायची. पण अंगाला लागलेल्या ताज्या दुखापतीत मलम चांगलं काम करतं असं चाचण्यांतून निघालं, अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी २०२० साली पाठदुखी सोडून अशा दुखण्यांत त्यालाच पहिला नंबर दिला, आणि रक्तात त्याचा अगदी थोडा अंश उतरत असल्यानं पोट-मूत्रपिंड बचावतात.

गोळीतलं आयबुप्रोफेन वगैरे तिसऱ्या नंबरवर. पहिले दोन दिवस शक्यतो नको, त्यानंतरही जेवणानंतर, कमीत कमी, दोन-तीन दिवसच. दमा, अल्सर, मूत्रपिंडाचं दुखणं, रक्तदाबाच्या गोळ्या, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू असतो. अंग ठणकतंय आणि तापही आहे तर ही गोळी घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. आणि उन्हाळ्यात, घाम निथळून शरीर कोरडं पडलेलं असताना, ही औषधं मूत्रपिंडावर दुहेरी मार करतात. आपल्या देशातली गिधाडं कशानं संपली माहीत आहे? गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं बंद पडली. २००६ साली गुरांसाठी ते बंद केलं. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण ४५ डिग्रीत रिकाम्या पोटी दोन गोळ्या गिळून १६०० मीटर मारणारा पोरगा मला त्या गिधाडाची आठवण देतो.

निमेसुलाइड, याच घराण्यातलं आणखी एक भावंड, बारा वर्षांखालच्या मुलांसाठी भारतात २०११पासून बंद आहे. घरात जुनी पट्टी पडली असेल तर फेका.

आजीचा कप्पा

माझ्या पोरींच्या आया पहिल्याच रात्री आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावतात. लावू द्या. गार लेप, वर सुती फडकं, पोरगी पाय वर करून गप पडून राहते. निम्मं काम तर त्या पडून राहण्यानंच होतं. लेप गरम करून मात्र पहिले तीन दिवस नको. हळदीच्या दुधाबद्दल भांडण नाही, पण हळदीत कर्क्युमिन शेकड्यात दोन ते पाचच असतं आणि तेही आतड्यातून फारसं उतरत नाही, म्हणून "दूध घेतलं, आता धावते" असं चालणार नाही. दुधातली प्रथिनं कामाची. तुरटी फुलवून दुधातून देतात, ते मी थांबवते.

निर्गुडीच्या पाल्याचा शेक चौथ्या-पाचव्या दिवसानंतर, सूज उतरणीला लागली की. गरम शेकानं अंग मोकळं होतं, मग व्यायाम सोपा जातो. शेकाचं काम तेवढंच.

सुया

जिल्ह्याच्या संघात आलेल्या एका पोराला कोणीतरी सांगितलं, रक्त काढून त्यातल्या चपट्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, मांडीत टोचतात, आठवड्यात फिट. घरच्यांनी सोनं मोडायची तयारी केली होती. मांडीच्या मागच्या ताज्या दुखापतीवर नेदरलँड्समध्ये ८० खेळाडूंवर हेच करून पाहिलं, २०१४ साली निकाल आला: साधं मिठाचं पाणी टोचलेलेही तितक्याच दिवसांत परतले. सोनं वाचलं. स्टेरॉइडची सुई तर ताज्या फाटलेल्या स्नायूत नकोच. ती मलबा उचलणाऱ्यांनाच घरी पाठवते. शिवाय राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्यांनी लक्षात ठेवा, २०२२पासून स्पर्धेच्या काळात स्टेरॉइडचं कोणतंही इंजेक्शन उत्तेजक द्रव्यांच्या नियमांनुसार बंद आहे. डोपिंगचा शिक्का पुसायला मांडी बरी होण्यापेक्षा जास्त वर्षं लागतात.

मशीनचा शेक, म्हणजे अल्ट्रासाउंड? छान वाटतो. पुढे.

तिसरा दिवस

मैदानावर परतायचा दिवस अलीकडे येतो का, या दुसऱ्या प्रश्नात पास होणारी एकच गोष्ट मला सापडली. डेन्मार्कमध्ये मांडी-पोटरी फाटलेल्या ५० हौशी खेळाडूंचे दोन गट केले. व्यायाम दोघांनाही तेच. एका गटानं दुखापतीनंतर दोन दिवसांनी सुरुवात केली, दुसऱ्यानं नऊ दिवसांनी. पहिल्या गटातले निम्मे ६२.५ दिवसांत खेळायला परतले, दुसऱ्यातल्या निम्म्यांना ८३ लागले. सुरुवातीचा एक आठवडा खाटेवर काढला त्याची किंमत शेवटी तीन आठवडे. २०१७ साली हे छापून आलं तेव्हापासून मी "पंधरा दिवस आराम कर" म्हणणं बंद केलं.

सुरुवात कशी करायची? एकच माप ठेवा: शून्य ते दहामध्ये दुखणं तीनच्या आत. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कालपेक्षा जास्त आखडलं असेल तर एक पायरी मागे.

मांडीच्या मागचा स्नायू असेल तर पाठीवर झोपून टाच गादीवरून हळूहळू कुल्ल्याकडे ओढायची आणि सोडायची, पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. ते जमलं की गुडघा थोडा वाकवून टाच गादीत दाबून धरायची, दहा सेकंद, दहा वेळा. आठवड्याभरात दोन्ही पायांवर कंबर उचलायची, मग एका पायावर. पोटरीसाठी भिंतीला हात लावून दोन्ही चवड्यांवर उभं राहायचं, नंतर एका. पुढच्या मांडीला मुका मार असेल तर पालथं झोपून आपला गुडघा आपण वाकवायचा; दुसऱ्यानं धरून दाबायचा नाही, भाऊ कितीही मदत करू पाहत असला तरी. घरात चालणं पहिल्या दिवसापासून, लंगडत असाल तर छोटी पावलं.

धावणं शेवटी. अर्धा तास भराभर चालून दुखत नाही, बोटानं दाबून दुखत नाही, एकट्या दुखऱ्या पायावर कंबर चांगल्या पायाइतक्याच वेळा उचलली जाते, तर हळू जॉगिंग. मग मैदानाच्या लांब बाजूला साठ टक्के वेगानं, दोन दिवसांनी ऐंशी टक्के, आणि पूर्ण जोर लावून दोन वेगवेगळ्या दिवशी धावून काही झालं नाही तरच स्टॉपवॉच. भरतीची तारीख जवळ आली की पोरं ऐंशीवरून थेट शंभरावर जातात आणि तिथेच, त्याच जागी, पुन्हा ओढली जाते. "मॅडम, तारीख पुढे नाही ढकलून राहिले," असं म्हणतात. मलाही मान्य आहे. मग निदान १०० मीटरची तयारी सोडा, १६०० सांभाळा. फाटते ती बहुतेक झपाट्यात.

बऱ्या झालेल्यांना मी एक काम कायमचं लावते. गुडघ्यांवर उभं राहायचं, मागून कोणीतरी घोटे धरायचे आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं, हातावर पडायचं. नॉर्डिक म्हणतात त्याला. ज्या संघांनी हे सरावात घेतलं त्यांच्यात मांडीच्या मागच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीला पाचच वेळा, कारण दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना रडू येतं. घरी घोटे धरायला कोणी नसेल तर दिवाणाखाली टाचा अडकवा. आमच्या एका पोरीनं असं केलं आणि दिवाणच उचलला गेला, तेव्हा आधी त्यावर कोणाला तरी बसवून घ्या.